सायलीची अडलेली फ्लिक

जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये दोन गोष्टी साचत जातात. एक म्हणजे हाताला लावायची पांढरी पावडर आणि दुसरी म्हणजे किस्से. पावडर आम्ही दर रविवारी झाडून काढायचो. किस्से कुणी झाडलेच नाहीत. त्यामुळे आज इतक्या वर्षांनीही एखाद्या लग्नात आमच्या क्लासची दोन माणसं भेटली, की हातातलं आइस्क्रीम वितळून जातं पण बोलणं संपत नाही. बायको किंवा नवरा शेजारी अवघडून उभा असतो, तो वेगळाच.

आमचा क्लास कोथरूडला एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. सकाळी तिथं शाळेची प्रार्थना, दुपारी गणिताची शिकवणी आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आम्ही. क्लास सबनीस सरांचा. सर दिवसभर बँकेत ऑफिसर आणि संध्याकाळी ट्रॅकपॅण्टमध्ये. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. तेव्हा हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच टेस्टर म्हणून लागले होते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. संध्याकाळच्या क्लाससाठी मी सकाळची लवकरची शिफ्ट मुद्दाम मागून घेतली होती. मुलं मला मेधाताई म्हणायची.

* * *

ऑफिसात शेजारी जोशी बसायचा. त्याने एकदा विचारलं, "तू तिथं शिकवतेस तरी काय?"

"सध्या फ्लिक. उभं राहायचं, मागे उडी घ्यायची, उलटं होऊन हातांवर यायचं आणि तिथून परत पायांवर."

"मागे काही दिसतं?"

"नाही."

"मग मारायची कशाला?"

अकरा वर्षं जिम्नॅस्टिक्स केलेल्या मी त्याला 'चल, चहाला' म्हणून उठवलं.

गंमत म्हणजे हाच प्रश्न एखाद्या दिवशी मुलांनाही पडतो! दोनशे वेळा फ्लिक मारलेली मुलगी एका मंगळवारी येते, मॅटवर उभी राहते, हात वर करते आणि तशीच उभी राहते. ती पडलेली नसते, तिला लागलेलं नसतं, कुणी रागावलेलंही नसतं. काल येत होतं, आज येत नाही. याला तिकडे अमेरिकेत 'मेंटल ब्लॉक' म्हणतात, असं मी नेटवर वाचलं आणि मोठ्या उत्साहाने सरांना सांगितलं.

सर म्हणाले, "आपण 'घोडं अडलं' म्हणतो. तेवढ्यात भागतं."

* * *

पहिलं अडलेलं घोडं माझ्या वाट्याला आलं ते निखिलचं. आठवीतला दांडगा मुलगा. धावत यायचं आणि पुढे हातांवर उलटून उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. पण तीन आठवडे झाले, पठ्ठ्या सुसाट धावायचा आणि शेवटच्या दोन पावलांवर करकचून ब्रेक!

मी टेस्टर. मी वही काढली. झोप किती, जेवण काय, घरी कुणी आजारी आहे का, बूट नवे आहेत का, सगळं विचारून झालं. विसाव्या प्रश्नाला निखिल हळूच म्हणाला, "ताई, समोर ते टेबल आहे ना..."

समोरच्या भिंतीशी गणिताच्या शिकवणीचं टेबल होतं. निखिल दुपारी त्याच हॉलमध्ये गणिताला बसायचा.

"त्या टेबलाकडे मला पळत जाताच येत नाही!"

आम्ही टेबल उचलून पॅसेजमध्ये नेलं. पाच मिनिटांत निखिल उलटून उभा! मी धावत सरांकडे गेले. "सर, कारण सापडलं! टेबल काढलं, प्रॉब्लेम संपला!"

"छान," सर म्हणाले. "आता त्याच्या गणिताचं काय करणार आहेस?"

* * *

मग सायलीचं घोडं अडलं, आणि मला हसायचं सुचेना.

सायली इंगळे. वय वर्षं अकरा, सहावीत, राहायला वारज्याला. दोन वेण्या, बोलणं कमी, आणि क्लासमध्ये सगळ्यात सुंदर फ्लिक तिची. जिल्ह्याचं सिलेक्शन सहा आठवड्यांवर आलं होतं आणि तिच्या प्रोग्रॅमची सुरुवातच फ्लिकने होती. अशा वेळी एका मंगळवारी ती मॅटवर उभी राहिली, हात वर केले, आणि संपलं.

तिचे वडील मूळचे यवतमाळचे. सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी सरळ सांगून टाकलं, "सर, सिलेक्शन झालं तर पुढे चालू ठेवू. नाही झालं तर सातवीला स्कॉलरशिपचा क्लास लावतोय. मग हे बंद." सायली शेजारीच उभी होती. क्लास सुटल्यावर जिला 'आता घरी जा गं' म्हणून हाकलावं लागायचं, ती ही पोरगी.

दुसऱ्या दिवशी इंगळे एक प्लॅन घेऊन आले. रंगीत प्रिंटआउट, वर स्टेपल केलेला. 'इश्यू: फ्लिक. प्रायॉरिटी: हाय. ओनर: सायली.' खाली दर दिवसाला भीती किती टक्के कमी व्हायला हवी, त्याचा आलेख. शेवटी शून्य.

सरांनी चष्मा नाकावर ओढून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "आज बुधवार. आज भीती किती हवी?"

"नव्वद टक्के," इंगळे म्हणाले.

सरांनी हाक मारली, "सायली, आज किती टक्के?"

सायलीने प्रामाणिकपणे विचार केला. "शंभर."

सरांनी कागद परत दिला. "अहो इंगळे, प्लॅन उत्तम आहे. फक्त भीतीला याची कॉपी गेलेली दिसत नाही."

* * *

इंगळे हटणारे नव्हते. पुढच्या आठवड्यात ते मॅट दाबून बघत म्हणाले, "सर, एवढी जाड मॅट आहे. पडली तरी काय होणार? लॉजिकली भीतीला कारणच नाही!"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "बूट काढा."

"मी?"

"मॅटकडे पाठ करून उभे राहा. हात छातीवर. गुडघे वाकवायचे नाहीत. नुसतं मागे पडायचं. उडी नाही, फ्लिक नाही, काही नाही."

इंगळे उभे राहिले. हॉलमधली तीस मुलं हातातलं काम सोडून बघायला लागली. एक मिनिट गेलं.

"सर, जाडी किती म्हणालात?"

"दीड फूट."

"आत काय असतं?"

"स्पंज."

"सरकणार वगैरे नाही ना?"

"नाही."

इंगळ्यांनी मान वळवून मॅट जागेवर आहे याची खात्री केली. मग पुढे बघितलं. मग पुन्हा मागे. शेवटी डोळे घट्ट मिटून ते मागे कलले, निम्म्यात गुडघे वाकले, आणि "अरे बापा!" करत त्यांनी मॅटवर बैठक मारली.

सर वरून शांतपणे म्हणाले, "बसलात. बसायचं काम तुमच्या ऑफिसात होतंच की!"

सायलीने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. त्या दिवसानंतर इंगळे हॉलमध्ये 'लॉजिकली' म्हणाले नाहीत.

* * *

दिवाळीनंतर यवतमाळहून सायलीची आजी आली. तिने एका नजरेत निदान केलं, "पोरीले नजर लागली." आणि मुठीत मीठ-मोहरी घेऊन ती थेट मॅटवर चढली, तेही चपला घालून! तीन वेळा सायलीवरून मूठ ओवाळली आणि हात उंच केला.

सबनीस सरांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "आजी, थांबा! मीठ मॅटवर नको!"

"मंग कुठं टाकू?"

"तुमच्या मुलाच्या खिशात टाका."

आजीने खरंच टाकलं. मग बाकावर बसून तासभर सगळं बघत राहिली. सायली मॅटवर उभी राहायची, हात वर करायची, खाली घ्यायची आणि डोळे पुसायची. निघताना आजीने मला बाजूला घेतलं.

"काहून व माय, मांगं जाता येत नाही म्हून येवढं रडनं? आमच्या टायमाले पोरगी पुढं जाते म्हून घरचे रडत होते!"

मी हे सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "या बाईंना सिलेक्शन कमिटीवर घ्यायला हवं."

* * *

आता माझा किस्सा. याला मुलं हसत नाहीत, मीही हसत नाही. पण दुसऱ्यांचे सगळे सांगायचे आणि आपला गाळायचा, हे काही बरं नाही.

फ्लिक शिकताना शिकवणारा मुलाच्या पाठीला हात देतो. उडी घ्यायच्या आधी मूल विचारतं, "हात आहे?" आपण म्हणायचं, "आहे." मग दिवसागणिक आधार कमी करत न्यायचा. आधी दोन हात, मग एक, मग दोन बोटं. पण सरांचा एक नियम पक्का होता. कमी केलं की सांगायचं. 'आज दोनच बोटं आहेत हं', असं. आणि आहे म्हटलं की हात असलाच पाहिजे. यात सूट नाही.

सायलीला आम्ही पुन्हा पहिल्यापासून असा हात द्यायला लागलो होतो, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत ती माझ्या दोन बोटांवर फ्लिक मारायला लागली होती. दोन बोटांनी काय होतं हो? त्यांना पाव किलोचं वजनसुद्धा पेलत नाही! सिलेक्शन तोंडावर आलेलं, इंगळे बाकावर घड्याळ बघत बसलेले. मला घाई झाली.

"हात आहे?" सायलीने विचारलं.

"आहे," मी म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

तिने फ्लिक मारली. काय सुंदर मारली! मी टाळ्या पिटत ओरडले, "बघ! हात नव्हताच! तुझी तूच मारलीस!"

सायलीने माझ्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तू आहे म्हणाली होतीस," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून सरांचे दोन्ही हात पाठीला असतानाही ती जागची हलेना.

मी सरांना स्वतःहून सांगितलं. चांगल्या खरडपट्टीची तयारी करूनच गेले होते. सरांनी विचारलं, "तुमच्या कंपनीत चूक सापडली की काय करता?"

"रिपोर्ट लिहितो."

"आणि देता कुणाला?"

"ज्याचं काम बिघडलंय त्याला."

"मग मला कशाला देतेस?"

मी सायलीकडे गेले. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी खोटं बोलले. पुन्हा नाही बोलणार."

सायली म्हणाली, "ठीक आहे." अकरा वर्षांची मुलगी ज्या आवाजात 'ठीक आहे' म्हणते ना, तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

* * *

त्याच सुमारास सरांच्या बँकेत कॉम्प्युटर आले. तीस वर्षं पेनाने काम केलेल्या सगळ्या ऑफिसरांना ट्रेनिंग सक्तीचं. सर एका रविवारी सकाळी माझ्या घरी हजर. "मेधा, मला तो उंदीर धरायला शिकव."

सर तसे हुशार विद्यार्थी. एका बोटाने टाइप करत त्यांनी सरावाचं एक अख्खं पत्र लिहिलं, एकही चूक नाही. मी म्हणाले, "आता हे पुसून टाकू. डिलीट दाबा."

सरांनी दाबलं. स्क्रीनवर चौकट आली, 'आर यू शुअर?'

सरांनी ती दोनदा वाचली. बोट बटणापर्यंत नेलं. तिथंच थांबवलं. आईने चहा आणला, तो निवला, बोट तिथंच.

मग सर म्हणाले, "नाही," आणि चपला घालून घरी गेले.

ते पत्र पुढे कितीतरी महिने माझ्या कॉम्प्युटरवर होतं. मी हा किस्सा सोमवारी सरांच्या देखत अख्ख्या क्लासला सांगितला. मुलं मॅटवर लोळून हसली. सर म्हणाले, "खरं आहे ते. बोट तिथपर्यंत जातं आणि थांबतं."

गर्दीतून सायलीने विचारलं. आठवड्याभरात तिने पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं होतं. "सर, बटण दाबलं की काही लागतं का?"

"छे. साधं बटण आहे."

"मग?"

"मग काही नाही. थांबतं."

सायलीने एखाद्या डॉक्टरणीसारखी मान हलवली. "माझंपण सेम तसंच होतं."

"तर मग आपण दोघंही काही दिवस तो नाद सोडू," सर म्हणाले. "तुझी फ्लिक बंद. माझं डिलीट बंद." त्या दिवसापासून सायलीने बाकीचं सगळं करायचं, पण फ्लिकचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. इंगळ्यांना ते अजिबात पटलं नाही. सिलेक्शन आठ दिवसांवर होतं.

* * *

आणि आता शेवटचा. हा मी कितीही वेळा सांगितला तरी मला नीट सांगता येत नाही.

सिलेक्शनच्या आधीचा गुरुवार. इंगळे येऊन बाकावर बसले होते. त्यांनी सरांना सांगून टाकलं होतं की आज सायलीचा शेवटचा दिवस, उगाच पोरीला सगळ्यांसमोर उभं करून रडवायला नको. सर "बरं" म्हणाले होते. सायलीलाही ते माहीत होतं. ती सगळ्यांबरोबर कोलांट्या मारत होती.

शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्यांना जाड काळे पडदे लावले होते. पावणेसातला लाइट गेले. त्या दिवसांत ते कधीही जायचे. पण पडद्यांमुळे असा मिट्ट काळोख झाला, की स्वतःचा हात दिसेना.

लाइट गेले की काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं होतं. जिथं असाल तिथं खाली बसायचं आणि हजेरीच्या नंबराने ओरडायचं, म्हणजे कुणी तोल सांभाळायच्या उंच बीमवर अडकलेलं नाही ना, ते कळतं. लहान मुलांना हे भयंकर आवडायचं. तेरा नंबरची ओवी, वय वर्षं सहा, ती तर लाइट जायचीच वाट बघायची.

"चला, नंबर," सरांचा आवाज आला.

"एक!" "दोन!" "तीन!" करत गाडी सुरू झाली. "दहा!" "अकरा!"

मग काहीच नाही.

बारा नंबर सायलीचा.

"बारा," सर म्हणाले.

शांतता.

"सायली?" बाकावरून इंगळ्यांचा घाबरलेला आवाज. "सायली, बेटा, कुठं आहेस?"

"इंगळे, तुमचा नंबर नाही," सर म्हणाले.

मी चाचपडत खिशातला मोबाईल काढला. निदान तेवढा उजेड तरी पाडावा म्हणून. अंधारात सरांचा हात माझ्या मनगटावर आला. "राहू दे," ते हळूच म्हणाले.

लांब मॅटच्या पलीकडच्या टोकाला अनवाणी पावलं वाजली. दोन पावलं. मग थांबली. कुणीतरी मोठा श्वास घेतला.

धप्. धप्-धप्.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अंधार होता ते बरंच झालं. फ्लिकचे आवाज दोनच असतात. हात टेकले की एक, पाय टेकले की दुसरा. पाय जुळलेले नसले की तीन होतात. सरांना ते कळायला डोळ्यांची गरज कधीच लागली नाही.

"बारा," सर नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "तीन आले. दोन पाहिजेत."

पावलं चालत परत टोकाला गेली.

धप्. धप्.

"तेरा!" ओवी ओरडली.